पांढऱ्या ओट्याची धूळ

ओटा पांढरा नको. क्वार्ट्झचा तर अजिबातच नको. फ्लॅट घेणाऱ्या मित्रमैत्रिणींना हे मी गेल्या वर्षभरात इतक्या वेळा ऐकवलंय, की आता ग्रुपवर कुणी किचनचा फोटो टाकायच्या आधी मला म्यूट करतात. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आमच्या पिढीचं किचन फोनवर ठरतं. पांढरी कॅबिनेट्स, पांढरा ओटा, त्यावर करड्या रेघा, कोपऱ्यात लिंबांनी भरलेला बोल. त्या फोटोत शेगडी पेटलेली नसते. कुकरमधून डाळीचं पिवळं पाणी उतू गेलेलं नसतं, ओट्यावर पिठी सांडलेली नसते, कोकमाचं आगळ कुणी लवंडलेलं नसतं. तो स्वयंपाक न होणाऱ्या स्वयंपाकघराचा फोटो असतो आणि आपण त्यावरून स्वयंपाकघर बांधतो.

क्वार्ट्झ म्हटलं की खाणीतून निघालेला दगड वाटतो. प्रत्यक्षात तो कारखान्यात बनतो. गारेचा चुरा आणि भुकटी, त्यात पॉलिस्टर रेझिन आणि रंग, मग दाब आणि उष्णता देऊन केलेली लादी. वजनाने नव्वद टक्क्यांच्या आसपास किंवा जास्तच गार, बाकी सरळ भाषेत प्लास्टिक. हे प्लास्टिक साधारण 150 अंश सेल्सिअसच्या पुढे खराब व्हायला लागतं. फोडणीची कढई शेगडीवरून उचलून शेजारी ठेवायची सवय ज्या घरात तीन पिढ्यांची आहे, तिथे हा ओटा म्हणजे रोजची धास्ती. वॉरंटीच्या कागदावर उष्णतेने झालेलं नुकसान बहुतेक वेळा वगळलेलंच असतं, तो कागद नीट वाचा. हळदीचा डाग उन्हात फिका पडतो हे आईला माहीत असतं, पण ओटा काही गच्चीत वाळत घालता येत नाही.

पण इथपर्यंतचं सगळं तुमच्या सोयीचं झालं. डाग पडला तर तुमच्या पैशाचा पडेल, मला काय. माझं भांडण धुळीवरून आहे.

ओट्याची लादी येते ती सरळ चौकोनी. सिंकचं भोक, शेगडीचं भोक, नळाचं भोक, पुढच्या कडेची गोलाई, हे सगळं कापून-घासून करावं लागतं. आपल्याकडे हे काम बऱ्याचदा तुमच्याच फ्लॅटच्या बाल्कनीत होतं. दोन माणसं, एक हातातला कटर, एक ग्राइंडर. पाणी नाही. तोंडाला रुमाल. अर्ध्या तासात माणसाच्या भुवया पांढऱ्या होतात आणि आपण दारातून डोकावून म्हणतो, बापरे किती धूळ, आणि दार लावून घेतो.

भुवयांवर दिसते ती जाड धूळ. घातक असते ती डोळ्याला न दिसणारी, काही मायक्रॉनची. तिच्यात स्फटिकरूप सिलिका असते. ती फुफ्फुसाच्या अगदी आतल्या पिशव्यांपर्यंत जाते, तिथून निघत नाही, आणि शरीर तिच्याभोवती व्रण धरत जातं. फुफ्फुस हळूहळू कडक होतं. याला सिलिकोसिस म्हणतात. यावर इलाज नाही. काम सोडलं तरी तो वाढू शकतो. सिलिकोसिस झालेल्याला क्षयरोग होण्याची शक्यता वाढते, आणि बऱ्याचदा क्षय समजून त्याच्यावर नुसते क्षयाचेच उपचार होत राहतात. रुमालाने ही धूळ अडत नाही.

आजार नवा नाही. 1948 च्या कारखाने कायद्याच्या यादीत तो होता. खंबातच्या अकीक कारागिरांमध्ये तो आहे, राजस्थानच्या दगडखाणींमध्ये इतका आहे की त्या राज्याला 2019 मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण काढावं लागलं. नवं आहे ते क्वार्ट्झच्या ओट्यांनी आणलेलं रूप. गारेचं प्रमाण एवढं जास्त, की आजार लवकर होतो आणि तरुण माणसांना होतो. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी 2012 मध्ये ओटे कापणाऱ्या कामगारांबद्दल लिहिलं, त्यातल्या काहींवर फुफ्फुस बदलायची वेळ आली होती. पुढे ऑस्ट्रेलियात रुग्ण सापडत गेले, कामगार संघटनांनी लावून धरलं, आणि 1 जुलै 2024 पासून त्या देशाने या दगडाचं उत्पादन, विक्री आणि बसवणं या सगळ्यावर बंदी घातली. असं करणारा तो पहिला देश. तिथल्या कामगाराला निदान मास्क आणि पाण्याचा कटर मिळायची शक्यता होती. आपल्या बाल्कनीतल्या माणसाला रुमाल आहे. आणि आपण तोच दगड ‘प्रीमियम’ म्हणून जास्त पैसे मोजून घेतो.

‘मग ग्रॅनाइट कापताना धूळ होत नाही का?’ हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो, आणि रास्त आहे. होते. ग्रॅनाइटमध्ये सिलिका साधारण 20 ते 45 टक्के धरतात, म्हणजे तोही कोरडा कापणं वाईटच. पण इथे एक मजा आहे. बाजारात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने ग्रॅनाइट नाहीच. तो गॅब्रो किंवा डोलेराइट, आणि त्यात मोकळी गार अगदी कमी असते. म्हणजे आपली बेसॉल्टचीच चुलत भावंडं: लाव्हा जमिनीवर येऊन पटकन थंड झाला की बेसॉल्ट, आत राहून सावकाश थंड झाला की हे. ज्या काळ्या दगडात वेरूळ कोरलं आणि ज्याचे पाटे-वरवंटे आपल्या आज्यांनी झिजवले, त्याच्याच घराण्यातला दगड तेलंगण, आंध्र, कर्नाटकातून येतो. सोनेरी ठिपक्यांचा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ आंध्रातल्या चिमकुर्तीचा. लांबून कुठून तरी इटालियन नावाचं काही आणण्याची हौस असेल तर असो, पण हळद, चिंच, तेल, तापलेली कढई यांना न जुमानणारा ओटा दोन राज्यं पलीकडेच आहे, स्वस्त आहे, आणि कापणाऱ्यालाही त्यातल्या त्यात कमी त्रासाचा आहे.

एक सावधगिरी: फिकट काळ्या दगडाला रंग लावून ‘जेट ब्लॅक’ म्हणून विकतात. कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन कोपरा घासा. कापूस काळा झाला तर दुकान बदला.

आक्षेप मला पाठ आहेत. काळ्याने किचन अंधारं होतं: वरच्या कॅबिनेटखाली एलईडी पट्टी लावा, पाच मिनिटांचं काम आहे. काळ्यावर झुरळ दिसत नाही: पांढऱ्यावर दिसलं म्हणून ते जात नाही. काळ्यावर पाण्याचे डाग दिसतात: हो, दिसतात, पुसा. आणि कुणी उघड न बोललेला खरा आक्षेप असा, की काळा ओटा भाड्याच्या घरातला वाटतो. कडप्प्याच्या ओट्यावर वाढलेल्यांना आता कडप्प्याची आठवणसुद्धा नको आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण हा दगडाबद्दलचा मुद्दाच नाही.

जाता जाता, शोरूममध्ये मला अठ्ठावीस रंग दाखवले, पण ओट्याची उंची किती हवी हे एकदाही विचारलं नाही. ऑफिसात आम्हाला वरखाली होणारी टेबलं मिळतात, मान दुखू नये म्हणून. आईच्या ओट्याची उंची मात्र बिल्डर ठरवतो. उंची तिला शेगडीपाशी उभी करून मोजा.

आता मागणी. दगड कुठलाही घ्या, पण भोकं आणि कडा कारखान्यात, पाणी सोडून कापून आणायला सांगा. सिंक आणि शेगडी आधी विकत घ्या, म्हणजे मापं पक्की देता येतात. घरी आल्यावर फक्त बसवणं. जागेवर थोडं कापावंच लागलं तर एकाने कापायचं, दुसऱ्याने पाण्याची धार धरायची, आणि दोघांना एन-95 मास्क तुम्ही द्यायचे. आमच्याकडे ठेकेदार म्हणाला, ‘मॅडम, पाणी मारलं तर खालचे ओरडतात.’ खालच्यांशी मी बोलले, ते ओरडले नाहीत. कारखान्यातल्या कटिंगचे दीड हजार जास्त पडले. लाखाच्या मॉड्युलर किचनमध्ये एका हँडलच्या सेटला याहून जास्त जातात.

सोसायट्यांचं काय? आमच्या नियमावलीत दुपारी 2 ते 4 ड्रिलिंग आणि कटिंग बंद, कारण लोकांची झोप मोडते. धुळीबद्दल एकच ओळ आहे, काम झाल्यावर लॉबी झाडून घ्यावी. कोरडं कटिंग आवारात चालणार नाही, अशी आणखी एक ओळ घाला, असा मेल मी कमिटीला केलाय. उत्तर आलं की विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत घेऊ. 2 ते 4 चा नियम कुठल्या सभेत झाला होता, ते मी परतीच्या मेलमध्ये विचारलंय.