पराभवाचा हिशेब

पराभवानंतर पहिला प्रश्न ‘काय चुकले?’ हा असावयास हवा. प्रत्यक्षात तो ‘कोण चुकले?’ असा विचारला जातो. परळी तालुक्यातील सिरसाळ्यासारख्या गावात शाळेचा दहावीचा निकाल एखाद्या वर्षी घसरला, की पालकसभेत दोनच नावे निघतात : एक मुख्याध्यापकांचे आणि दुसरे निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरलेल्या गणिताच्या शिक्षकांचे. वर्षभर रिकामी राहिलेली शिक्षकाची जागा, आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली आणि परीक्षेच्या तोंडावर परतलेली मुले यांचा उल्लेख त्या सभेच्या इतिवृत्तात येत नाही. भारतीय क्रिकेटचा कारभार कोट्यवधी रुपयांचा असला, तरी पराभवानंतरची त्याची रीत या पालकसभेहून फारशी निराळी नाही. तेथेही दोनच माणसे शोधली जातात : संघाचा प्रशिक्षक आणि वय झालेला मोठा खेळाडू.

अलीकडचे उदाहरण सर्वांच्या स्मरणात आहे. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडने भारताला भारतातच ३-० असे हरविले आणि पाठोपाठ ऑस्ट्रेलियातील मालिका ३-१ अशी हातची गेली. प्रशिक्षक गौतम गंभीर आणि सदतीस वर्षांचे कर्णधार रोहित शर्मा हे दोघे टीकेचे धनी झाले. जानेवारी २०२५ मधील सिडनीच्या कसोटीत कर्णधार स्वतःच संघाबाहेर बसले आणि मे महिन्यात त्यांनी कसोटी क्रिकेटचा निरोप घेतला. मधल्या मार्च महिन्यात मात्र याच कर्णधाराच्या नेतृत्वाखाली भारताने चॅम्पियन्स करंडक जिंकला होता आणि अंतिम सामन्याचे सामनावीरही तेच होते. जानेवारीत ‘संपलेला’ ठरलेला माणूस मार्चमध्ये डोक्यावर घेतला गेला. खेळाचा प्रकार बदलला होता हे खरे. पण लोकांच्या मताने घेतलेली कोलांटी त्याहून मोठी होती.

या रीतीचा सर्वांत बोलका दाखला अजित वाडेकर यांचा आहे. जानेवारी १९७१ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी वाडेकर कर्णधार झाले. त्याच वर्षी भारताने प्रथम वेस्ट इंडीजमध्ये आणि नंतर इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. ओव्हलच्या विजयानंतर मुंबईत संघाची मिरवणूक निघाली, तर इंदूरमध्ये विजयाचे स्मारक म्हणून भली मोठी बॅट उभारण्यात आली. १९७२-७३ मध्ये मायदेशी इंग्लंडला २-१ असे नमविल्यावर वाडेकरांच्या खात्यावर सलग तीन मालिका जमा झाल्या. पुढे १९७४ चा इंग्लंड दौरा आला. लॉर्ड्सवर २४ जून रोजी भारताचा दुसरा डाव अवघ्या ४२ धावांत आटोपला. एकनाथ सोलकरांखेरीज कोणालाही दोन आकडी धावसंख्या गाठता आली नाही आणि जखमी चंद्रशेखर फलंदाजीला येऊच शकले नाहीत. मालिका ३-० अशी गेली. इंदूरच्या त्याच बॅटला डांबर फासले गेले आणि मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड पडले. कर्णधारपद तर गेलेच. पण दुलीप करंडकासाठी पश्चिम विभागाच्या संघातही त्यांना स्थान मिळाले नाही. तेहतिसाव्या वर्षी त्यांनी खेळाचा निरोप घेतला.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. संघाचे व्यवस्थापक १९७१ मध्ये जे होते तेच १९७४ मध्येही होते : लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी. प्रशिक्षकाचे वेगळे पद नसलेल्या त्या काळात संघाला शिस्त लावण्याचे आणि क्षेत्ररक्षण सुधारण्याचे काम त्यांच्याकडेच असे. व्यवस्थापक तोच, कर्णधार तोच आणि संघातील प्रमुख खेळाडूही बरेचसे तेच असताना पहिल्या वेळी सारे शहाणे आणि दुसऱ्या वेळी सारे अडाणी कसे ठरले? वस्तुतः १९७१ मध्ये मँचेस्टरला शेवटच्या दिवशी पाऊस भारताच्या मदतीला धावला होता. ते दान यशाच्या हिशेबात कोणी धरले नाही. म्हणूनच १९७४ चे अपयश सर्वस्वी माणसांचेच वाटले. दुसरी गोष्ट अधिक मौजेची आहे. वाडेकरांना बाजूला सारल्यावर वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेसाठी निवड समितीने कर्णधारपद पुन्हा पतौडींना दिले. पतौडी हे वाडेकरांहून सुमारे तीन महिन्यांनी मोठे! ती मालिकाही भारताने ३-२ अशी गमावली. शिक्षा झाली, पण पर्याय तयार नव्हता.

अर्थशास्त्रातील एक साधी कल्पना येथे उपयोगी पडेल. कारखान्यातील यंत्र दरवर्षी थोडे थोडे झिजते. नीट हिशेब ठेवणारा कारखानदार दरवर्षीच्या नफ्यातून घसाऱ्यापोटी काही रक्कम बाजूला काढतो; यंत्र थकले, की नव्याची तरतूद तयार असते. ज्याने सगळा नफा वाटून खाल्ला, त्याला यंत्र बंद पडल्या दिवशी त्या यंत्राला शिव्या देण्यापलीकडे काही करता येत नाही. माणूस म्हणजे यंत्र नव्हे हे खरेच. पण म्हणूनच त्याच्या बाबतीत ही तरतूद अधिक अगत्याने करावयास हवी. खेळाडूचे वय ही काही अचानक कोसळणारी आपत्ती नाही. ते निवड समितीच्या दफ्तरात पहिल्या दिवसापासून नोंदलेले असते. पराभवाच्या दुसऱ्या दिवशी ते जणू नव्यानेच कळल्यासारखे बोलणे हा स्वतःची चूक दुसऱ्याच्या नावावर टाकण्याचा प्रकार होय.

२००७ मध्ये काय घडले ते या दृष्टीने तपासावे. वेस्ट इंडीजमधील विश्वचषकात भारत १७ मार्चला बांगलादेशकडून आणि २३ मार्चला श्रीलंकेकडून हरला व पहिल्याच फेरीत बाद झाला. रांचीत महेंद्रसिंग धोनी यांच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर जमाव चालून गेला. प्रशिक्षक ग्रेग चॅपेल यांनी एप्रिलच्या आरंभी पद सोडले. त्यांचे बंधू इयान चॅपेल यांनी सचिन तेंडुलकर यांना आरशात पाहून निवृत्तीचा विचार करण्याचा सल्ला जाहीरपणे दिला. तेंडुलकर तेव्हा चौतिशीच्या उंबरठ्यावर होते. या वेळी मात्र एक शहाणपण घडले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वीस षटकांच्या विश्वचषकासाठी द्रविड, तेंडुलकर आणि गांगुली या ज्येष्ठांनी आपण होऊन जागा मोकळी केली. धोनींच्या तरुण संघाने तो चषक जिंकला. इतर सामन्यांत मात्र ज्येष्ठ संघात राहिले आणि त्यांच्या सोबतीने नवे तयार होत गेले. २०१० मध्ये ग्वाल्हेरला तेंडुलकरांनी एकदिवसीय सामन्यात नाबाद २०० धावा केल्या आणि २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर भारताने विश्वचषक उंचावला, तेव्हा त्या स्पर्धेत भारतातर्फे सर्वाधिक, ४८२ धावा त्यांच्याच होत्या. कर्णधार होते ते धोनी, ज्यांच्या घरावर चार वर्षांपूर्वी जमाव गेला होता.

यावर कोणी म्हणेल, की मग कोणाला जाब विचारायचाच नाही काय? आक्षेप रास्त आहे. ज्येष्ठतेच्या आडोशाने अकार्यक्षमता पोसली जाते, हे शाळांत आणि कचेऱ्यांत रोज दिसते. क्रिकेटमध्येही दिसले. जानेवारी २०११ नंतर तेंडुलकरांना कसोटीत एकही शतक करता आले नाही. तरी नोव्हेंबर २०१३ मधील निवृत्तीपर्यंत त्यांना थांबण्याविषयी सांगण्याचे धैर्य व्यवस्थेने उघडपणे दाखविले नाही. म्हणजे १९७४ मध्ये रागाने निर्णय घेतला आणि २०११ नंतर भक्तीने तो टाळला. राग आणि भक्ती या दोहोंत एक साम्य आहे : दोन्हीत हिशेब नसतो.

तात्पर्य, जाब अधिकाराच्या प्रमाणात विचारला जावा. संघ निवडतो कोण, दौऱ्यांचा कार्यक्रम आखतो कोण, उद्याचा कर्णधार आज घडवावयाचा कोणी, याचा शोध आधी घ्यावा. प्रशिक्षकाच्या आणि खेळाडूच्या वाट्याची चूक त्यानंतर मोजावी. आणि ज्येष्ठाने केव्हा थांबावे, याची चर्चा त्याच्या विजयाच्या वर्षातच मोकळेपणाने सुरू व्हावी. तशी ती झाली, तर निरोपाला शिक्षेचे रूप येत नाही. वाडेकर पुढे १९९२ ते १९९६ या काळात संघाचे व्यवस्थापक आणि त्यानंतर निवड समितीचे अध्यक्ष झाले. अठरा वर्षांनी पुन्हा हाक मारण्याइतका उपयोगी माणूस १९७४ च्या एका उन्हाळ्यात कुचकामी ठरविण्यात आला होता, ही गोष्ट पुढच्या पालकसभेत गणिताच्या शिक्षकांचे नाव निघण्यापूर्वी एकदा आठवावी.