पंधरा दिवसांचे कान

महापालिकेचे मतदान उरकले आणि जोडलेले हात खिशात गेले. 15 जानेवारी 2026 पर्यंत पुण्याच्या गल्लीबोळांत ऐकून घेणाऱ्यांचा केवढा सुळसुळाट होता! सोसायटीच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून ऐकले जात होते, टपरीवर कटिंग पाजून ऐकले जात होते, हळदीकुंकवात पैठणीची सोडत काढता काढतासुद्धा ऐकले जात होते. मागे उभा असलेला कार्यकर्ता वहीत टिपून घेत होता: ड्रेनेज तुंबले, टँकर येत नाही, दिवा बंद, कुत्री फार. त्या वह्या आज कोणत्या रद्दीत आहेत?

आणि कसली ही निवडणूक! याच शहरात प्रतिस्पर्ध्याचा एबी फॉर्म फाडून गिळल्याचा आरोप एका उमेदवारावर झाला, प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. राज्यात साठाहून अधिक जागा बिनविरोध सोडवून घेतल्या गेल्या. तिथल्या मतदाराला ‘नोटा’चे बटण दाबण्याचाही हक्क उरला नाही. ज्यांना तुमचे मतच नको होते, ते तुमचे गाऱ्हाणे कशाला ऐकतील?

न ऐकण्याची किंमत काय असते हे सिंहगड रस्त्यापलीकडच्या गावांना विचारा. नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला ही गावे 30 जून 2021 रोजी इतर गावांबरोबर महापालिकेत ओढली गेली. एकूण 23 गावे. त्या दिवसापर्यंत त्यांना सरपंच होता, ग्रामसभा होती. भांडकुदळ असेल, अर्धी रिकामी असेल, पण वर्षातून निदान चार वेळा ग्रामसेवकासमोर उभे राहून ‘पाणी गढूळ येते’ असे ठणकावता येत होते. महापालिकेने ग्रामपंचायत घेतली आणि बदल्यात काय दिले? मार्च 2022 मध्ये पुण्याच्या सभागृहाची मुदत संपली. नगरसेवक गेले, प्रशासक आला. या गावांनी महापालिकेसाठी पहिले मत दिले ते समाविष्ट होऊन साडेचार वर्षे झाल्यावर!

मधल्या काळात, जानेवारी 2025 मध्ये, त्याच गावांत गुलेन बॅरी सिंड्रोम या आजाराचा उद्रेक झाला. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, माणसे दगावली, धडधाकट पोरे व्हेंटिलेटरवर गेली. नांदेडच्या विहिरीतले पाणी शुद्धीकरण प्रकल्पाविनाच, नुसते औषध टाकून घरोघर जात होते हे मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना तेव्हा उमगले. गावकऱ्यांना ते केव्हाचे ठाऊक होते. पण त्यांनी सांगायचे कोणाला? गावात सरपंच नाही, शहरात नगरसेवक नाही. प्रशासक लोकांना बांधील नसतो, तो मुंबईकडे तोंड करून बसतो. आजाराला जीवाणू कारण असेल. त्याला मोकळे रान दिले ते या मुक्या-बहिऱ्या कारभाराने, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

हा कारभार चालू ठेवला कोणी? राज्यघटनेचे कलम 243 यू सांगते की पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. ते पायदळी तुडवण्यात एकाही पक्षाने कसूर केली नाही. महाविकास आघाडीने तीन नगरसेवकांचा प्रभाग केला, महायुतीने तो पुसून चारचा केला. ओबीसी आरक्षणाचा वाद ढालीसारखा पुढे धरला. अखेर 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कान उपटले तेव्हा यंत्रणा हलली, आणि वाढीव मुदती मागत मागत जानेवारी उजाडला. आपल्याच नागरिकांना मतदान करू द्यायला ज्या सरकारला न्यायालयाचा बडगा लागतो, त्याने लोकशाहीच्या गप्पा मारू नयेत.

चारचा प्रभाग ही तर जबाबदारी चुकवण्याची अधिकृत सोय आहे. पुण्यात 41 प्रभाग आणि 165 नगरसेवक. एका प्रभागात ऐंशी हजारांच्या आसपास माणसे. गटार फुटले की ‘अ’ म्हणतो ‘ब’कडे जा, ‘ब’ म्हणतो ती गल्ली ‘क’ची, आणि ‘ड’चा फोन पतिराज उचलतात! मुंबईला एका प्रभागाला एक नगरसेवक चालतो, मग पुणेकरांनीच कोणते पाप केले आहे? उत्तर सोपे आहे. पॅनेलमध्ये पक्षाच्या चिन्हावर दगडही तरतो आणि त्या दगडाला पुढची पाच वर्षे कोणी जाब विचारू शकत नाही.

सर्वांत संतापजनक गोष्ट वेगळीच आहे. ऐकून घेणे हा उमेदवाराच्या मेहेरबानीचा विषयच नाही. 2009 मध्ये याच राज्याच्या विधिमंडळाने महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. गावात ग्रामसभा, तशी शहरात मतदारांची सभा. केंद्राच्या नागरी योजनेच्या निधीसाठी ती अट मान्य करावी लागली होती. निधी आला, खर्च झाला, आणि सभा कागदावरच राहिली. तेव्हापासून आलेल्या प्रत्येक सरकारने हा कायदा गाडून ठेवला, आणि प्रत्येक नगरसेवकाने त्या खड्ड्यावर माती लोटली. कारण उघड आहे. दाराशी आलेला उमेदवार ऐकतो तेव्हा त्याची नोंद नसते. सभेत ऐकले तर इतिवृत्त लिहावे लागते, आणि इतिवृत्ताला पुढच्या सभेत उत्तर द्यावे लागते.

याच पुण्याच्या नगरपालिकेत 1876 मध्ये जोतीराव फुले सदस्य झाले, तेही निवडून नव्हे, सरकारी नेमणुकीने. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर हजार रुपये उधळायला त्यांनी एकट्याने विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणाले. सरकारने नेमलेला माणूस सरकारला ‘नाही’ म्हणाला. आज लोकांनी निवडलेली माणसे पक्षाच्या शहराध्यक्षासमोर जांभई द्यायलाही परवानगी मागतात!

मतदारांनाही आम्ही मोकळे सोडणार नाही. मिक्सर घेतला, अष्टविनायकाच्या फुकट बसमध्ये बसलात, सोसायटीच्या कंपाउंडला रंग मारून घेतलात. तुमचे गाऱ्हाणे उमेदवाराने रोखीने विकत घेतले. आता तक्रार कोणत्या तोंडाने करता? घेतले नसेल, तर मात्र उठा आणि मागा.

मागणी एकच आहे. क्षेत्रांच्या हद्दी जाहीर करा आणि क्षेत्रसभा बोलवा. पहिली सभा सभागृहाच्या वातानुकूलित दालनात नको, नांदेड गावात त्या विहिरीशेजारी घ्या. प्रभागाचे सर्व नगरसेवक, क्षेत्रीय कार्यालयाचा सहायक आयुक्त आणि पाणीपुरवठ्याचा अभियंता हजर पाहिजेत. विषय क्रमांक एक: या आठवड्याच्या पाणी तपासणीचा अहवाल, मोठ्याने वाचून.