वॉशिंग्टनला हिशेब विचारलात, आता ग्रामपंचायतीला विचारा

जागतिक बँकेने 1985 साली सरदार सरोवर धरणासाठी 45 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, तेव्हा मणिबेली गावात कुणाला विचारलं नव्हतं. कर्ज घेणारे दिल्लीत, देणारे वॉशिंग्टनला आणि बुडणारी शेतं अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदेच्या काठी! पण धरणाची झळ बसलेल्या तिन्ही राज्यांतली नदीकाठची माणसं हटली नाहीत. अखेर बँकेलाच स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. ब्रॅडफोर्ड मोर्स यांच्या समितीने जून 1992 मध्ये पुनर्वसनाच्या कारभाराचे वाभाडे काढले. मार्च 1993 मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. त्याच वर्षी बँकेने तपासणी पॅनेल नेमलं. बँकेच्या पैशाने ज्याचं नुकसान होतं, त्याला थेट तक्रार करायची सोय पहिल्यांदा झाली. 1994 साली जगभरच्या संघटनांनी मोठ्या धरणांचा कर्जपुरवठा थांबवण्याची मागणी केली. त्या जाहीरनाम्याला त्यांनी नाव दिलं मणिबेलीचं. धरण थांबलं नाही, शेतं गेली, हे विसरायचं नाही. पण जगातल्या सगळ्यात मोठ्या सावकाराला जाब द्यायला लावलं, ते याच डोंगरातल्या माणसांनी.

मग गावातल्याच पासबुकात काय आहे हे विचारताना आपली जीभ का अडखळते?

पैसा थोडाथोडका नाही. एप्रिल 2015 च्या शासन निर्णयाने आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी पेसा कायद्याखालच्या अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला. तो लोकसंख्येच्या प्रमाणात येतो, आणि कशावर खर्चायचा हे ग्रामसभेने ठरवायचं असतं. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात, शहादा आणि नंदुरबारचा काही भागही. शिवाय वित्त आयोगाचं अनुदान आहे, रोजगार हमीची कामं आहेत. सभा मात्र कशी होते? शाळेच्या पडवीत चार खुर्च्या, मागच्या सभेचं इतिवृत्त 'वाचून कायम', रजिस्टर फिरतं, सह्या आणि अंगठे उमटतात, ठरावाची जागा कोरीच. ती नंतर भरली जाते. काय भरलं, ते अंगठा देणाऱ्याला कधी कळत नाही. काम झालं की फलक लागतो. त्यावर पुढाऱ्यांची नावं ठळक आणि रकमेची जागा रिकामी.

आणि सभेच्या तारखा बघा. 26 जानेवारीची सभा भरते तेव्हा अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत असतो. ज्यांच्या नावाने निधी आला ते फडात, आणि ठराव 'सर्वानुमते' मंजूर! माझं सरळ म्हणणं आहे: हिशेबाची सभा होळीच्या आठवड्यात घ्या. कोयता ठेवून माणसं परत येतात ती तेव्हाच. काठी गावच्या होळीला डोंगर लोटतो. वर्षातून किमान चार सभा घ्या असं कायदा सांगतो, पाचवी घेऊ नका असं सांगत नाही.

कुणी म्हणेल, सरकार देतंय ते गुपचूप घ्यावं. हे दान नाही हो! महाराष्ट्राने 1975 साली व्यवसाय कर बसवला, शहरातल्या पगारदाराच्या खिशातून तो कापला, सरकारने त्यात तेवढीच भर घातली आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम दिलं. 1977 च्या रोजगार हमी कायद्याने ते काम हक्काचं झालं. हक्काच्या पैशाचा हिशेब मागणं म्हणजे उपकारकर्त्यावर संशय घेणं नव्हे. आणि कर आपणही भरतोच. मिठाची पुडी सोडली तर बाजारातून आणलेल्या बहुतेक वस्तूंत तो असतोच.

हिशेब उघडा केला की काय होतं, ते बघा. परदेशी मदतीवर बऱ्याच अंशी चालणाऱ्या युगांडात 1991 ते 1995 दरम्यान सरकारने शाळांसाठी सोडलेल्या अनुदानाचा माग काढला गेला. सरासरी 13 टक्के रक्कम शाळेपर्यंत पोचली होती; बाकी वाटेत, जिल्ह्याच्या ठिकाणी जिरली. मग सरकारने रकमा वर्तमानपत्रात छापल्या, शाळेच्या भिंतीवर लावायला लावल्या. गळती पुढे खूप कमी झाली. तिचं सगळं श्रेय छापील आकड्याला द्यावं का, यावर अभ्यासक अजून भांडतात, भांडोत. आपल्या भिंतीवर आकडा आहे का, तेवढं आपण पाहू.

29 सप्टेंबर 2010 ला देशातलं पहिलं आधार कार्ड शहादा तालुक्यातल्या टेंभलीत वाटलं गेलं. म्हणजे सरकारला प्रत्येक माणूस ओळखता यावा याची सुरुवात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातून झाली. प्रत्येक माणसाला सरकारी रुपया ओळखता यावा, याची सुरुवातही इथूनच होऊ द्या की!

बायांनो, बचतगटाच्या वहीत दहा रुपयांचा फरक आला तर तुम्ही बैठक मोडू देत नाही. तोच हट्ट ग्रामसभेत धरा. आणि शहादा-नंदुरबारच्या खोल्यांत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरांनो, पंचायत राजवरचे प्रश्न तुम्हाला तोंडपाठ आहेत. आपल्या ग्रामपंचायतीचं पासबुक पाहिलंय का? होळीला घरी याल तेव्हा ते मागा आणि आईबापांसमोर मोठ्याने वाचा, पावरीत, भिलीत, मावचीत. शासकीय मराठी त्यांच्यावर फेकून निघून जाऊ नका.

अर्ज आजच लिहा, माहिती अधिकाराखाली. पेसा निधी किती आला, कोणत्या तारखेला, कोणत्या ठरावाने खर्च झाला, धनादेशावर सह्या कुणाच्या, मोजमाप पुस्तिकेत काय नोंदलंय. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. त्या हिशेबाने अर्ज होळीच्या आधी पुरेसा लवकर द्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून पोच शिक्क्यासह घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर पहिल्या अपिलाला ती लागेल.