सिनेमातला सूड आणि आपल्या बांधावरचे वैर

गेल्या पावसाळ्यात सातवीच्या मुलांस "मी मोठेपणी काय करीन" या विषयावर दहा ओळी लिहावयास सांगितल्या होत्या. कोणी फौजदार होणार होता, कोणी नर्स, कोणी बापाचा सुतारकीचा धंदा वाढविणार होता. एका मुलाने मात्र तीनच ओळी लिहिल्या. त्यांचा मतलब असा की, मी मोठा झालो म्हणजे चुलत्याचे दोन्ही हात तोडीन, मग माझ्या बापाला बरे वाटेल. अक्षर सुरेख, शुद्धलेखनाची चूक एकही नाही. त्याला गुण किती द्यावेत, हे मला काही सुचेना.

चौकशी करता दोन गोष्टी समजल्या. पहिली ही की, त्याच्या बापाचा व चुलत्याचा बांधावरून अकरा वर्षे दावा चालू आहे. मध्यंतरी नांगरटीच्या दिवसांत काठ्या चालल्या आणि बापाचा खांदा निखळला, तो पुन्हा धड बसला नाही. दुसरी गोष्ट ही की, हात तोडण्याची कल्पना पोराची स्वतःची नव्हे. ती 'शोले' सिनेमातली. तो त्याने बापाच्या मांडीला मांडी लावून मोबाइलवर पाहिला होता.

आता कोणी शहाणा म्हणेल की, सिनेमाने पोरे बिघडतात, सबब सिनेमा बंद करा. आमचे म्हणणे तसे नाही. आम्ही स्वतः जत्रेच्या तंबूत मातीवर बसून हे खेळ पाहिले आहेत व टाळ्याही पिटल्या आहेत. ज्याला कोर्टात तारखेमागून तारीख मिळते, ज्याला कचेरीत एका दाखल्यासाठी चार खेटे घालावे लागतात, त्याला तीन तासांत न्याय झालेला पाहून गार वाटले तर त्यात त्याचा काय अपराध? राग खोटा नाही, दुःखही खोटे नाही. पण तो राग सिनेमा कोणत्या वाटेने नेतो आणि कोठे नेऊन सोडतो, हे आपल्या घरातील माणसांनी नीट पाहिले पाहिजे. आजचा सवाल तेवढाच आहे.

या सुडाच्या सिनेमांची घडण बहुधा एकच असते. पोराच्या डोळ्यांदेखत आईबाप मारले जातात. पोर एक खूण ध्यानात ठेवते. वीस वर्षांनी ती खूण सापडते आणि हिशेब चुकता होतो. १९७३ साली आलेले 'जंजीर' व 'यादों की बारात' हे दोन्ही सिनेमे सलीम खान व जावेद अख्तर या एकाच जोडीने लिहिले. पहिल्यात दिवाळीच्या रात्री खून होतो, व खुन्याच्या मनगटावरील साखळीतला पांढरा घोडा तेवढा मुलाच्या ध्यानात राहतो. दुसऱ्यात खुन्याच्या दोन पायांत दोन मापांचे बूट असतात, एक आठ नंबरचा व एक नऊ नंबरचा. १९९५ च्या 'करण अर्जुन'ने तर कमालच केली. तेथे सूड घेणारे दोघे भाऊच मारले जातात, तेव्हा ते पुन्हा जन्म घेऊन येतात. म्हणजे सावकाराचे कर्ज एक वेळ माणसाबरोबर मरेल, पण सुडाचे कर्ज मेल्यानंतरही फिटत नाही! वाचकहो, बापाचे देणे पोराच्या बोकांडी बसते म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या रडत आलो. मग हे दुसरे देणे पोराच्या नावावर आपण आनंदाने का लिहून द्यावे?

आता 'शोले'च घ्या. १९७५ च्या १५ ऑगस्टला तो लागला आणि मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षांहून अधिक काळ चालला. त्यातील ठाकूर बलदेवसिंग हा पूर्वीचा पोलीस अंमलदार. तो गब्बर नावाच्या दरोडेखोराला पकडतो. गब्बर तुरुंगातून पळून ठाकुराचे घरदार मारतो व मागाहून त्याचे दोन्ही हात तोडतो. ठाकूर दोन भाडोत्री जवान आणून सूड घेतो. ही गोष्ट सर्वांना पाठ आहे. पण त्याच सिनेमात दुसरी एक गोष्ट आहे, तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. गब्बरची माणसे रामगढ गावात येतात ती धान्य उकळायला. कष्टाने पिकविलेले धान्य गावकरी मुकाट्याने घोड्यांवर लादून देतात. हा अन्याय एका ठाकुरावर नव्हे, साऱ्या गावावर आहे. तरी सिनेमा गावाच्या धान्याचा राहत नाही, ठाकुराच्या हातांचा होतो. गावकरी आपल्याच गोष्टीत बघे होतात. दोघे जवान लढतात, ठाकूर सूड घेतो, आणि कुणबी, लोहार, सुतार कडेला उभे राहून माना हलवितात.

अमिताभ बच्चन यांचा १९९० चा 'अग्निपथ' तर आपल्याच मुलखात घडतो, अलिबागेकडील मांडव्याला. त्यातला बाप गावचा मास्तर, म्हणून आम्हाला तो जास्त लागला. स्मगलर व गावचा मातब्बर मिळून मास्तरावर घाणेरडा आळ घेतात, आणि बहकलेले गावकरीच त्याला ठार करतात. पोरगा मोठेपणी त्या स्मगलरावर सूड उगवितो. ते सारे ठीक. पण ज्या गावाने खोट्या आळावर विश्वास ठेवून भल्या माणसावर हात टाकला, ते गाव एवढे भोळे का राहिले, उद्या दुसरा कोणी त्याला बहकविणार नाही याची तजवीज काय, हे विचारायला सिनेमाला सवड नाही. खलनायक मेला की दिवे लागतात व लोक घरी जातात.

दुसरेही एक पाहा. 'शोले'त शेवटी ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरचे हात चिरडतो. मूळच्या शेवटात तो त्याला ठारच मारीत होता. सेन्सॉरच्या हरकतीमुळे शेवट बदलून ऐन वेळी पोलीस आणावे लागले. ते काही असो, जे काम पहिल्यांदा गब्बरने केले तेच शेवटी ठाकूर करू लागतो. आमच्या त्या विद्यार्थ्याने तर नकळत गब्बरचेच काम आपल्या अंगावर घेतले. हात तोडणारा मुळात कोण होता, हे त्या पोराला आठवलेच नाही. सुडाचे असेच असते. तो घ्यायला निघालेला माणूस चालता चालता वैऱ्याचे तोंड घेऊन बसतो.

हात गेलेला दुसरा एक माणूस हिंदी सिनेमात आहे, त्याची आठवण आपल्या घरांनी विशेष ठेवावी. मेहबूब खान यांचा 'मदर इंडिया' १९५७ साली आला. त्यात राधेच्या लग्नासाठी सासूने सुखीलाला सावकाराकडून पाचशे रुपये काढलेले असतात. पंचायत सावकाराच्या बाजूने निकाल देते आणि व्याजापोटी पिकाचे तीन हिस्से दरसाल त्याच्या घरी जाऊ लागतात. पोट भरेना म्हणून राधा आणि तिचा नवरा शामू धोंडेमाळ फोडायला जातात. तेथे मोठा धोंडा शामूच्या हातांवर कोसळतो व दोन्ही हात जातात. पुढे अपमान सोसवेना म्हणून तो रात्री घर सोडून निघून जातो.

ठाकुराचे हात गब्बरने तोडले, त्याचा सूड घेता येतो. शामूचे हात धोंड्याने नेले. धोंड्यावर सूड कोणी घ्यावा? तो धोंडा त्याच्या अंगावर लोटला कर्जाने, व्याजाने, पंचांच्या निकालाने आणि न वाचता येणाऱ्या वहीने. शेतकरी बंधूंनो, आपल्यापैकी बहुतेकांचे हात शामूसारखेच गेले आहेत. आपला वैरी घोड्यावर बसून येत नाही. तो कागदावर बसून येतो.

राधेचा धाकटा मुलगा बिरजू लहानपणापासून हे पाहत वाढतो. त्याला त्या वहीतले अक्षर लागत नाही, म्हणून तो हातात शस्त्र घेतो, दरोडेखोर होतो, सुखीलालाला मारतो आणि त्याच्या मुलीला, रूपाला, तिच्या लग्नातून पळवून नेऊ लागतो. तेव्हा राधा स्वतःच्या पोटच्या पोरावर गोळी झाडते. का? ज्या सावकाराने तिचा संसार धुळीला मिळविला त्याचीच ती लेक. पण राधेच्या लेखी ती सावकाराची नव्हे, गावाची लेक होती. साऱ्या सुडाच्या सिनेमांत आई पोराला बापाच्या खुनाची आठवण देत बसते. येथे आईनेच हिशेबाची वही मिटली. मात्र त्यासाठी तिला केवढे मोल द्यावे लागले! बिरजूला वेळीच अक्षर लागले असते व त्याच्या बाजूने गाव उभे राहिले असते, तर ही गोळी झाडण्याची पाळी आली असती काय?

सिनेमाला याहून निराळे सांगता येत नाही असे मात्र नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांनी १९२५ सालीच 'सावकारी पाश' हा मूकपट काढला व १९३६ साली तोच बोलपट म्हणून पुन्हा केला. त्यात सावकाराकडून जमीन गमावलेला शेतकरी शेवटी शहरात गिरणीकामगार होतो. खरोखर घडत होते तेच दाखविले.

आणि आपल्या वाडवडिलांनी काय केले, तेही ऐका. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी कर्जाने गांजलेले कुणबी जमले आणि सावकारांच्या घरांवर चालून गेले. पुढे ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरले. त्यांनी मागितले काय? सावकाराचे मुंडके नव्हे, त्याच्या वह्या आणि कर्जरोखे. ते हाती आले की चौकात होळी केली. लुटालूट झाली, काही ठिकाणी घरेही जळाली, पण सावकारांच्या जिवाला धक्का फार क्वचित लागला. सरकारला चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले व १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यातही रोख एका माणसावर नाही. अज्ञानावर आणि ते पोसणाऱ्या व्यवस्थेवर आहे. अक्षरशत्रू म्हणून हिणविलेल्या त्या कुणब्यांना आपला वैरी माणूस नव्हे, कागद आहे, एवढे समजले होते. आज कागद जाळण्याचे कारण नाही, कारण आज आपल्या पोरांना तो वाचता येतो. २०१४ सालापासून महाराष्ट्रात सावकारी नियमनाचा कायदा आहे. बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळण्यासाठी जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. हा रस्ता लांबचा आहे, त्यात टाळ्या नाहीत. पण त्या रस्त्याने गेलेले पोर संध्याकाळी जिवंत घरी येते.

असो. आता त्या विद्यार्थ्याचे सांगतो. एके दिवशी मी त्याच्या घरी गेलो. दारात त्याची आजी बसली होती. तिची वाटणी झालेली, एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे. तिला नातवाच्या तीन ओळी वाचून दाखविल्या. म्हातारी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "गुरुजी, कुणाचा बी हात तुटू द्या, तो माझ्याच पोटचा. मी कुणाच्या दारात बसून रडू?"

आत बाप ऐकत होता. तो बाहेर आला, पण त्या वेळी काही बोलला नाही. आठ दिवसांनी त्याने विचारले, "गुरुजी, मोजणीचा अर्ज कसा लिहायचा असतो?" अर्ज मी लिहिला नाही. त्याच्या मुलाकडून लिहून घेतला, आणि खाली दोन्ही भावांच्या सह्या घेतल्या. त्या सह्या मिळविण्यात म्हातारीचे पाय झिजले, माझे नव्हे. मोजणी झाली. बांध एका टोकाला हातभर इकडे सरकला होता, दुसऱ्या टोकाला तेवढाच तिकडे. अकरा वर्षे वकिलाच्या व गाडीभाड्याच्या पैशांत तेवढी जमीन किती वेळा विकत आली असती, हा हिशेब मी वर्गात घातला नाही. तेवढा निर्दय मी नाही.

दावा अद्याप निकालात निघालेला नाही, भाऊ अजून एकमेकांच्या घरी पाणी पीत नाहीत. पण दोघांची पोरे एका वाटेने शाळेत येऊ लागली आहेत. बंधुभगिनींनो, सिनेमा खुशाल पाहा, पोरांना जवळ घेऊन पाहा. मात्र संपल्यावर त्यांना एवढे विचारा, की गावाचे धान्य कोणी नेले, आणि शामूचे हात कोणी तोडले? उत्तर त्यांना शोधू द्या. आपल्या खांद्याचे दुखणे पोराच्या नावावर चढवू नका.