पणती कुठे गेली?

दिवाळीची झाडलोट ही घरातल्या पुरुषाची परीक्षा असते, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. वर्षभर माळ्यावर सुखाने नांदणाऱ्या वस्तू त्या आठवड्यात खाली येतात आणि प्रत्येकीपाशी एकच प्रश्न उभा राहतो : ठेवायची, की भंगारवाल्याला द्यायची? यंदा आमच्या नगरच्या घरी (२०२४ साली नाव अहिल्यानगर झाले, पण जीभ अजून नगरच म्हणते) अशीच एक बुटांची खोकी खाली आली. तीत नऊ कॅसेटी होत्या. घरातला टेपरेकॉर्डर तर केव्हाच गेलेला! सौभाग्यवतींनी खोकी पोत्याकडे सरकवली, तोच एका कॅसेटवर दादाचे अक्षर मला दिसले : ‘दिवाळी १९८८. आईची रांगोळी. पुसू नये.’

आता रांगोळी ही कॅसेटवर कशी, असे वाचकांना वाटेल. सांगतो.

त्या वर्षी दादा अकरावीत होता आणि मी दुसरीत. पुण्याच्या मामांनी सुट्टीपुरता आपला घरगुती संगणक आम्हांला दिला होता. त्याचे नाव स्पेक्ट्रम. इंग्लंडात सिंक्लेअर कंपनीने तो १९८२ साली काढला आणि त्याची सुधारलेली आवृत्ती १९८६ पासून पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन आपल्याकडे विकली. यंत्र म्हणजे नुसता कळफलक. पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा आणि केलेले काम साठवायला घरचा टेपरेकॉर्डर. चित्रसुद्धा आवाज होऊन टेपवर उतरे. तो आवाज सुरू झाला, की आजी म्हणे, “लागला का रे तुझा रातकिडा ओरडायला?”

आईची पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी गल्लीत नावाजलेली. दादाने ती पडद्यावर काढायचे ठरवले. पडदा आडवा २५६ आणि उभा १९२ ठिपक्यांचा आहे, असे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितले, तेव्हा आई म्हणाली, “एवढे काय करायचेत? मला पंधरा पुरतात.” मग आलेखाच्या कागदावर तिने रांगोळी घातली आणि दादाने ती यंत्रात भरली. पण यंत्राचा एक हट्ट होता. आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका चौकोनात दोनच रंग मावत. तिसरा घालायला जावे, तर आधीच्या दोहोंपैकी एक सगळ्या चौकोनातून उठून जाई. आईने तक्रार केली नाही. “एका खोलीत दोघीच नांदतात म्हणतोस ना? मग पाकळी थोडी पलीकडे घे,” म्हणाली. अशा रीतीने तिने सबंध रांगोळी यंत्राच्या बेताने बसवली.

पुढच्या वर्षी दादा ती कॅसेट घेऊन पुण्याला एका मित्राच्या शाळेत गेला. सरकारने १९८४ साली ‘क्लास’ नावाचा प्रकल्प काढून सुरुवातीला अडीचशे शाळांना बीबीसी मायक्रो नावाचे संगणक दिले होते. त्यांतले एक यंत्र तिथे होते. तेही टेपरेकॉर्डरला जोडता येई, परंतु स्पेक्ट्रमचा रातकिडा त्याला कळेना. दोघांची बोलीच निराळी. शेवटी दादाने आलेखाचा कागद उघडून रांगोळी पुन्हा पहिल्यापासून भरली. तिथे दुसरी पंचाईत. बीबीसीत आठ रंग हवे असतील, तर आडवे ठिपके १६० च मिळत. ३२० ठिपके हवे असतील, तर रंग चारच. रंग ठेवावेत तर नाजूक रेघ जाते आणि रेघ ठेवावी तर हिरवी पाने जातात. दादाने रेघ ठेवली. घरी येऊन त्याने आईला सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “पानांशिवाय कसली रे रांगोळी?”

आईला जाऊन आता सहा वर्षे झाली. आलेखाचा कागद कधीच हरवला. मामांचे यंत्रही पुढे कोणाकडे तरी गेले. राहिली ती ही कॅसेट.

सुदैवाने दादाचा मुलगा दिवाळीला आधीच येऊन पोचला होता. तो इंजिनिअरिंगला आहे. शेजाऱ्यांचा जुना टेपरेकॉर्डर आणून त्याने तो वायरीने संगणकाला जोडला, रातकिडा ध्वनिमुद्रित केला आणि एका प्रोग्रॅमकडून त्याचे आकडे करून घेतले. पहिल्या प्रयत्नात काही जमेना. मग टेपच्या डोक्याजवळचा बारीक स्क्रू किंचित फिरवला, आवाज थोडा वाढवला, आणि पडद्यावर नाव उमटले : ‘आईरांगोळी’. स्पेक्ट्रममध्ये नावाला दहाच अक्षरे मिळत आणि रोमन लिपीत हे नाव बरोबर दहा अक्षरांत बसते!

नावापाठोपाठ ६,९१२ बाइट आले. बाइट म्हणजे शून्यापासून २५५ पर्यंतची एक संख्या. पहिल्या ६,१४४ संख्यांत ठिपके आणि पुढच्या ७६८ संख्यांत त्या ७६८ चौकोनांचे रंग. चित्राची रुंदी किती, उंची किती, हे त्या संख्यांत कुठेच सांगितलेले नसते. शिवाय रेघा वरून खाली सरळ क्रमाने येत नाहीत. पडद्याचे तीन आडवे पट्टे करून, प्रत्येक पट्ट्यात आधी आठही ओळींची पहिली रेघ, मग आठही ओळींची दुसरी, अशी ती रीत. मोडीचे दप्तर बाळबोधाच्या चालीने वाचू लागावे, तशी हा क्रम ठाऊक नसणाऱ्याची गत होते. पुतण्याच्या प्रोग्रॅमला तो ठाऊक होता. पाऊण मिनिटाच्या त्या भुणभुणीतून आईची रांगोळी पडद्यावर आली. आम्ही कोणी काही बोललो नाही.

खालच्या टोकाशी मात्र एक चौकोन काळा, रिकामा होता. “काका, टेप झिजलीय इथे,” पुतण्या म्हणाला, आणि वरच्या टोकाची पाकळी उचलून त्याने ती खाली बसवून दिली. चित्र कसे आरशासारखे झाले! ते त्याने फोनवरून दादाला पाठवले.

पाच मिनिटांत दादाचा फोन. “अरे, पणती कुठे गेली?”

“कसली पणती?”

“खालच्या टोकाला आई पाकळी काढतच नसे. तिथे ती पणती ठेवायची. मी तिथे पिवळा दिवा लावला होता, लुकलुकणारा.”

“पण टेप झिजली होती ना?”

“झिजली असती तर ताळा जुळला नसता.”

दादाचे खरे होते. टेपवरच्या प्रत्येक तुकड्याच्या शेवटी ताळ्याची एक संख्या असते. मधली एक संख्या जरी बदलली, तरी ताळा चुकतो आणि यंत्र तसे सांगते. इथे तर तो तंतोतंत जुळला होता. पुतण्याने त्या चौकोनाच्या रंगाचा बाइट काढून पाहिला. त्यातल्या आठ खुणांपैकी तीन ठिपक्याच्या रंगाच्या, तीन पार्श्वभूमीच्या, एक उजळपणाची आणि एक लुकलुकण्याची. ही शेवटची खूण तिथे लावलेली होती. काळा आणि पिवळा हे रंग सेकंदाला साधारण तीन वेळा अदलाबदल करत. स्थिर चित्रात त्यांतला एकच क्षण येतो, आणि आमच्या वाट्याला दिवा विझल्याचा क्षण आला होता.

मराठी शिकवणाऱ्या माणसाला अशा वेळी नेवासे आठवणारच. ते आमच्याच जिल्ह्यात. तिथे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. मूळ प्रत आज नाही. नकलांच्या नकला होताना पाठ बिघडले, म्हणून एकनाथांनी १५८४ साली प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला आणि पुढच्यांनी त्यात पदरची ओवी घालू नये, असे बजावून ठेवले. आमच्या पुतण्याने पदरची पाकळी घातली होती. मनात वाईट काहीच नव्हते. पदरची भर घालणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट नसतेच. त्याला मधली रिकामी जागा बघवत नाही, इतकेच.

त्याने पाकळी काढून टाकली. मग दोन चित्रांचे एक हलते चित्र केले, एकात दिवा विझलेला, दुसऱ्यात लागलेला. फोनवरून जाताना कडा फिसकटतात, म्हणून स्थिर प्रत निराळी, कडा जशाच्या तशा ठेवणाऱ्या पीएनजी पद्धतीने, प्रत्येक ठिपका बरोबर चौपट करून ठेवली. आणि ते मूळचे ६,९१२ बाइट, ध्वनिमुद्रणासकट, हात न लावता तीन ठिकाणी जपले. उद्या कोणाचा प्रोग्रॅम आणखी काही विसरला, तर ताडून पाहायला मूळ हवे.

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर एखादी खोकी असेल. भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी तिच्यावरची अक्षरे एकदा वाचा. आणि ज्याने त्या वस्तू भरल्या, तो माणूस हयात असेल, तर त्याला आधी फोन करा. आमचा दादा नसता, तर ती पाकळी आईचीच म्हणून पुढे चालली असती.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी रांगोळी टीव्हीवर लावली. हिरवी पाने होती, खालच्या टोकाला पणती लुकलुकत होती. पुतण्याने विचारले, “काका, आजी खरी पणती इथेच ठेवायची?” सौभाग्यवती काही न बोलता उठल्या आणि अंगणातल्या आपल्या रांगोळीची खालची पाकळी त्यांनी बोटाने पुसून घेतली.