बैठकीचें मेज : जुनें कीं नवें?

हिंगोलीहून एका वाचक भगिनीनें पाठविलेल्या पत्रांतील प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक आहे. घराची डागडुजी होऊन दिवाणखान्यांत नवा सोफा आला. आतां त्यापुढें ठेवावयाचें 'कॉफी टेबल' जुन्या घडणीचें घ्यावें कीं आधुनिक, यावर घरांत दोन तट पडले आहेत. धाकट्या दीरांना कांचेचें हवें. या भगिनीला स्वतःला जुन्या वस्तूंच्या दुकानांतील एक नक्षीदार गोल मेज आवडलें आहे. आजेसासरे ज्यावर मांडी घालून जमाखर्च लिहीत, तें सागवानी बसकें मेज माळ्यावर पडून आहे आणि तें मोडींत देण्याचें घाटत आहे. घरांत दोन लहान मुलें आहेत, ऐंशीच्या घरांतील आजेसासूबाई आहेत. 'त्या याविषयीं कांहींच बोलत नाहींत,' असें पत्रांत ओझरतें लिहिलें आहे. मला सगळ्या पत्रांत हेंच वाक्य महत्त्वाचें वाटलें. पण त्याकडे मागाहून वळूं.

प्रथम नांवाविषयीं. चहा पिणाऱ्या मराठवाड्यांत 'कॉफी टेबल' हा शब्द विनोदीच म्हणावयाचा. त्याआधीं आपण 'टीपॉय' म्हणत होतों, आणि टी म्हणजे चहा म्हणून टीपॉय, अशी पुष्कळ सुशिक्षितांचीही समजूत असे. वस्तुतः तीन पायांची ती हिंदी 'तिपाई'च इंग्रजींत गेली आणि चहाचा वेष घेऊन आपल्याकडे परत आली. आपली तिवई ही तिचीच सख्खी बहीण. आपण जमिनीवर बसणारे लोक. पाट, चौरंग, तिवई या ठेंगण्या वस्तू आपल्याकडे पूर्वापार आहेत. युरोपांत मात्र चहाचीं मेजें उंच असत. सोफ्यापुढें बुटकें मेज मांडण्याची चाल तिकडे विसाव्या शतकांतच सर्वत्र रूढ झाली.

या इतिहासाचा व्यवहारांत उपयोग आहे. विलायती घडणीचें 'दीडशें वर्षांपूर्वींचें कॉफी टेबल' कोणी दाखवूं लागला, तर तें उलटें करून आधीं पायांचीं टोकें पाहावींत. उंच मेजाचे पाय कापून तें बुटकें केलेलें असण्याचा संभव फार, आणि ताजा काप रंग फासूनही सहसा लपत नाहीं. हिंगोलींत निजामाच्या राज्यांत हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. ती १९०३ सालीं उठली. तेव्हांपासून आमच्या बाजूची प्रत्येक जुनी खुर्ची 'छावणींतल्या साहेबाची' असते! विक्रेत्यांचा हिशेब खरा धरला, तर त्या छावणींत शिपायांपेक्षां साहेबच अधिक होते असें म्हणावें लागेल.

गोल मेजाची तर परीक्षा फारच सोपी आहे. लांकूड रेषांच्या दिशेनें जवळजवळ आटत नाहीं, आडवें मात्र आटतें. त्यामुळें अखंड लांकडाचें खरोखर जुनें गोल मेज दोन दिशांनीं मोजल्यास किंचित् लंबगोल भरतें. मापाची फीत बरोबर न्यावी. दुकानदार हंसेल, हंसूं द्यावा. दुसरी खूण स्क्रूची. ज्याच्या डोक्यावर फुलीची खांच असते त्या स्क्रूचें पेटंट अमेरिकेंत १९३६ सालीं मिळालें; तेव्हां 'शंभर वर्षांहून जुन्या' मेजांत असा स्क्रू आढळला, तर एक तर मेज तितकें जुनें नाहीं किंवा त्याची मागाहून दुरुस्ती झाली आहे. दुरुस्ती हा दोष नव्हे. परंतु किंमत कशाची मागितली जात आहे, हें आपणांस कळलें पाहिजे.

आतां नव्या मालाकडे. त्याची निंदा करण्याची आम्हां म्हाताऱ्यांची खोड आहे, ती मी येथें आवरतों. कांचेचें मेज खोली मोकळी दाखवितें, पुसावयास सोपें, आणि हिंगोली-वसमतच्या हळदीचा डागही त्यावर राहत नाहीं. मात्र कांच कडक केलेली, म्हणजे 'टफन्ड', असली पाहिजे. साधी कांच फुटली म्हणजे तिच्या सुऱ्या होतात. कडक केलेल्या कांचेचा बोथट कणांचा चुरा होतो. भारतीय मानक २५५३ ची खूण कांचेच्या कोपऱ्यांत आहे कीं नाहीं, तें पाहावें. अशी कांच एकदां कडक केल्यावर कापतां येत नाहीं. म्हणून 'मागाहून कोपरे गोल करून देऊं' असें कोणी म्हणाल्यास दुसरें दुकान पाहावें.

भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचें मेज स्वस्त पडतें, दिसतेंही सुबक. पण कडेचा पट्टा सुटून आंत पाणी शिरलें कीं फळी फुगते, ती पुन्हां बसत नाहीं. आणि एकदां काढलेला स्क्रू त्याच भोकांत दुसऱ्यांदां नीट धरत नाहीं. ज्यांच्या वारंवार बदल्या होतात त्यांनीं हें लक्षांत ठेवावें. नव्या फळ्यांना डोळे चुरचुरविणारा वास येत असेल, तर तो बहुधा डिंकांतील फॉर्माल्डिहाइडचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें या द्रव्याची गणना २००४ सालीं मनुष्यास कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत केली आहे. लहान मुलांच्या घरांत असा माल घेऊंच नये. आलाच असेल तर खिडक्या उघड्या ठेवून पुष्कळ दिवस वारा द्यावा.

तथापि जुनें-नवें हा वादच मुळीं दुसरा. पहिला प्रश्न उंचीचा. मेज बसण्याच्या जागेइतकें किंवा इंच-दोन इंच खालीं असावें. सोफ्याची बैठक साधारणपणें सोळा ते अठरा इंच असते. तिच्यापुढें बारा इंचांचें मेज ठेवलें, तर चहाच्या प्रत्येक कपासाठीं कंबर वांकवावी लागते. सोफा आणि मेज यांमध्यें दीड फुटाच्या आसपास वाट असावी. ऐंशी वर्षांच्या बाई उठतांना हात कशावर टेकतील, याचाही विचार या घरांत झाला पाहिजे. चाकांचें किंवा हलकें, सरकणारें मेज अशा वेळीं घात करतें. जड मेज, चारी पाय जमिनीला टेकलेले आणि कोपरे बोथट, हेंच बरें.

अशा सर्व कसोट्यांना उतरण्याजोगें मेज त्या माळ्यावरच आहे. सागाच्या गाभ्याच्या लांकडांत जें तेल असतें, तें वाळवीला रुचत नाहीं. सालीकडचें पांढरें लांकूड मात्र ती खाते. म्हणून मेज खालीं उतरवून उन्हांत नव्हे, सावलींत ठेवावें, पायांच्या आंतल्या बाजू टोंचणीनें टोंचून पाहाव्यात आणि एक टोंक उचलून हलवावें. लांकडाच्या खांचेंत कुसूं घालून खुंटीनें जखडलेले सांधे सैल झाले तरी सुताराला ते उकलून पुन्हां बसवितां येतात. पॉलिश चपडा लाखेचें असेल तर तेंही त्याच जातीचें पुन्हां चढवितां येतें. संपूर्ण तासून काढण्याची घाई नको.

राहिली उंची. त्याचे पाय तोडणें-जोडणें कांहीं करूं नये. सागाचीच चार-पांच इंच उंच चौकट करून तींत मेजाचे पाय बसतील अशा खांचा ठेवाव्यात, म्हणजे मेज जसेंच्या तसें राहील आणि उद्यां कोणास खालीं बसून लिहावेंसें वाटल्यास काढून घेतां येईल. मोडींत देण्याविषयीं एकच उदाहरण देतों. चंदीगडच्या कचेऱ्यांसाठीं पिएर जानरे यांनीं १९५० नंतर जें सागवानी सामान घडविलें, तें पुढें भंगार म्हणून लिलांवांत गेलें; तेंच परदेशांत लाखों रुपयांस विकलें जाऊं लागल्यावर २०११ सालीं केंद्रीय गृहखात्याला त्याच्या विक्रीस आळा घालावा लागला. आपल्या मेजाला कोणी लाख देणार नाहीं. पण आजेसासूबाई कां बोलत नाहींत, तें त्यांना अजून कोणी विचारलेलें दिसत नाहीं. आधीं तें विचारावें, मग सुताराला बोलवावें. यजमानांच्या हिशेबाच्या मेजावर चहाचे कप त्यांना चालणार नसतील, तर तें त्यांच्याच खोलींत त्यांच्या पोथीसाठीं द्यावें आणि दीरांचें कांचेचें मेज खुशाल आणावें.

जातां जातां हळदीविषयीं. हळदीकुंकवाच्या दिवशीं लांकडावर डाग पडला तर साबण लावूं नये, तो लाल होतो. ओल्या फडक्यानें टिपून घेऊन मेज चार दिवस खिडकीजवळ उजेडांत ठेवावें. हळदीचा रंग उजेडाला टिकत नाहीं.