ग्रहण, वहिनी आणि एक अक्षर

गेल्या रविवारी चुलतभावाकडे बाळ बघायला गेलो होतो. बाळ चार महिन्यांचं. कपाळ उंच, डोळे जरा बाहेर आलेले, दोन्ही हातांची बोटं एकमेकांना चिकटलेली. निदान झालंय : एपर्ट सिंड्रोम. चहा येईपर्यंत एका काकूंनी वहिनीला विचारलंच, "ग्रहणात काही चिरलं-कापलं होतंस का गं?" वहिनी उठून आत गेली. मीही गप्प बसलो, आणि तेच आठवडाभर डोक्यात राहिलं.

तर मंडळी, थोडं वाचन केलं. फ्रेंच डॉक्टर युजीन एपर्ट यांनी १९०६ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. साधारण ६५ ते ८८ हजार जन्मांमागे एखादं असं बाळ असतं. कारण मात्र १९९५ मध्ये कळलं : एफजीएफआर२ नावाच्या जीनमधला बदल. जवळपास सगळ्या केसेसमध्ये दोनपैकी एकच बदल सापडतो, आणि तोही एका अक्षराचा! तीनशे कोटी अक्षरांच्या कोडमध्ये एक टायपो. पेशीला वाढीचा सिग्नल प्रमाणाबाहेर मिळतो, आणि मेंदू वाढावा म्हणून मोकळे राहायला हवेत ते कवटीचे सांधे आधीच जुळून जातात.

आता गंमत बघा. हा टायपो बहुतेक वेळा आईवडिलांपैकी कुणालाच नसतो, तो नव्याने होतो. १९९६ मध्ये अशा ५७ केसेस तपासल्या गेल्या, आणि सगळ्याच्या सगळ्या ५७ मध्ये बदल वडिलांकडून आलेला निघाला. पुरुषाच्या शुक्रपेशी आयुष्यभर कॉपी होत राहतात, म्हणून वयाबरोबर शक्यता वाढते. शिवाय बदल झालेल्या मूळ पेशी शेजारच्या पेशींपेक्षा जास्त फोफावतात.

म्हणजे दोष बापाचा? अजिबात नाही. वय वाढलं तरी शक्यता फारच थोडी असते, आणि हा टायपो कुणी मुद्दाम करत नाही. पण ज्या बाईला आपण ग्रहणाचा जाब विचारतो, तिचा यात काही संबंध नाही, हे तरी मान्य करू या!

मग टाळता येतं का? खरं सांगायचं तर बहुतेक वेळा नाही. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या जरूर घ्याव्यात, मेंदू-मणक्याचे काही दोष त्यांनी टळतात, हा नाही. सोनोग्राफीत कधी दिसतं, पण बऱ्याचदा उशिरा. आईवडील निरोगी असतील तर पुढच्या मुलाला धोका खूप कमी. ज्याला स्वतःला एपर्ट आहे, त्याच्या प्रत्येक मुलाला मात्र ५० टक्के. तिथे जेनेटिक काउन्सेलिंग आणि गरोदरपणातली तपासणी खरंच उपयोगी पडते.

टाळता येतं ते पुढचं नुकसान. कवटीचं ऑपरेशन साधारण पहिल्या वर्षात, मग बोटं सुटी करणं. डोळे, कान, श्वास यांच्यावर सतत लक्ष. यात महिने वाया घालवून चालत नाही. आणि आपण ते घालवतो कशात? तर आईची उलटतपासणी करण्यात!

निघताना दादा जिन्यापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "डॉक्टरांनी मला सगळं समजावलंय रे. पण घरात मला कुणीच काही विचारत नाही. सगळे हिलाच विचारतात."

काल काकूंना फोन करून हे सगळं सांगितलं. "बरं बरं," म्हणाल्या. पटलं की नाही, देव जाणे. तुम्ही अशा घरी गेलात तर एवढंच विचारा : ऑपरेशन कधी आहे, आणि त्या दिवशी सोबत कोण हवंय? मी तर रजा टाकलीसुद्धा.